टाचणीची बरणी

"ती बरणी टेबलावरून उचला, नाहीतर मी फोडीन," धाकटी सून म्हणाली, आणि प्रार्थनेसाठी मिटलेले सगळे डोळे खाडकन उघडले.

आजोबांचं 'आमेन' ओठांतच राहिलं. या घरात रविवारचं जेवण चर्चहून आल्यावर दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर व्हायचं. कापडं, कात्र्या, खडू बाजूला सारायचे, वर धुतलेली चादर पसरायची आणि म्हाताऱ्यांनी प्रार्थना करायची. ती लांबली की मुलं टेबलाखाली एकमेकांना पायाने ढोसायची, आजोबांच्या थोरल्या लेकाच्या पोटातून आवाज यायचे, पण मध्ये बोलायची कोणाची टाप नव्हती. आज धाकटी बोलली, आणि तेही फोडीन म्हणाली.

बरणी टेबलाच्या मधोमध होती. मोठ्या तोंडाची, काचेची, गळ्यापर्यंत बटणांनी भरलेली. आजोबा टेलरिंगइतकीच वर्षं संडे स्कूल चालवत आले होते, आणि विश्वास हा रविवारच्या कपड्यांसारखा कपाटात ठेवायचा नसतो, तो रोज अंगावर घालायचा असतो, असं मुलांना सांगून सांगून त्यांनी पिढ्या कंटाळवल्या होत्या. या वर्षी त्यांना नवी युक्ती सुचली. घरातल्या दोन्ही नातवंडांना त्यांनी एकेक रिकामी बरणी दिली. कोणी त्रास दिला आणि तुम्ही उलट हात न उचलता माफ केलंत, की दुकानातल्या डब्यातलं एक सुटं बटण आपल्या बरणीत टाकायचं. धाकट्याच्या मुलीची बरणी भरली. आज सकाळी चर्चमध्ये त्यांनी ती सगळ्यांसमोर उंच धरली, नातीला शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "ही बघा आमची टाचणी. पुढच्या रविवारपासून प्रत्येक मुलाच्या घरी अशी बरणी हवी." नात शाळेतून आली की हातात लोहचुंबक घेऊन दुकानाच्या जमिनीवरच्या टाचण्या वेचायची, म्हणून ते नाव. टाळ्या पडल्या. टाचणी मान खाली घालून उभी होती. पोर लाजाळू आहे, असं सगळ्यांना वाटलं.

"अगं, जेवणावर काय हे," धाकटा हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला तेवढं छान जमतं." धाकटी उठली, खुंटीवरचा पोरीचा कोट काढला आणि भाजीच्या भांड्याशेजारी आपटला. "बघा. टेलरच्या घरातली मुलगी, आणि कोटाला एक बटण नाही. मी लावते, पडतं. परत लावते, परत पडतं. मी हिलाच झापत होते, धसमुसळी आहेस म्हणून. काल तपकिरी दोरा संपला म्हणून हिरव्याने लावली. आणि आज बाबांनी ती बरणी उजेडात धरली, तर आत माझा हिरवा दोरा."

कोणाला काही कळेना. आजीने कोट हातात घेतला, तुटलेल्या धाग्यांवरून बोट फिरवलं. चाळीसेक वर्षं तिने या दुकानात काजं केली होती. पडलेलं बटण आणि ओढून तोडलेलं बटण यातला फरक तिला सांगावा लागत नव्हता.

"हिनेच तोडली?"

"हिनेच. कारण डब्यातली संपली!" धाकटीचा आवाज चढला. "अख्खा डबा संपला, आई. माझ्या मुलीला कोणीतरी इतकं छळतंय की बटणांचा डबा पुरला नाही. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीसुद्धा वाजवल्या. अरे, कोणी एकाने तरी विचारावं ना, की बाई गं, एवढं माफ काय करतेस?"

तिने टाचणीची बाही वर केली. दंडावर डाग होते. धाकटी दवाखान्यात नर्स होती. असे डाग तिने परक्यांच्या मुलांच्या अंगावर पाहिले होते, डॉक्टरांना दाखवले होते, त्या आयांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. हिरवट म्हणजे जुना. जांभळा म्हणजे ताजा. दोन्ही होते. आपण रात्रपाळ्या करत राहिलो आणि पोर स्वतः आंघोळ करते याचं कौतुक करत राहिलो, हे आठवून तिचं डोकं आणखी तडकलं, आणि तो रागही तिने टेबलावरच ओतला.

"पिंढरीवर वळ आहेत. टेपचे. पितळी टोकाचा टेप आहे ना, मापं घ्यायचा, त्याचे. दाखवू? की जेवण बाधेल?"

"कोणी मारलं?" आजीने विचारलं.

टाचणी ताटाकडे बघत राहिली.

"ती नाही सांगणार. तिला बाबांनी शिकवलंय ना, माफ केलं की चुगली करायची नाही. मला रस्त्यात सांगितलं, तेही रडून रडून. समोर बसलाय बघा. पावाचा तुकडा हातात धरून."

थोरल्या सुनेने आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग मुलाकडे. मुलाचे कान लाल झाले होते. त्याला आता मिसरूड फुटत होतं, आवाज घोगरा झाला होता, पण कान लहानपणीचेच होते. खोटं बोलायच्या आधी ते लाल व्हायचे. म्हणजे खरं आहे. आणि खरं आहे हे कळल्यावर आई जे करते तेच तिने केलं, म्हणजे उसळली.

"वा गं वा! माझ्याच पोरावर? मुलीला शाळेत कोणी मारलं नसेल कशावरून? माझा पोरगा शाळेतून आला की दुकानात राबतो. इस्त्री तापवतो, गठ्ठे उचलतो. तुझी राजकन्या चुंबक घेऊन मिरवते."

"त्याच गठ्ठ्यांच्या मागे मारतो, ताई. अस्तराच्या कापडाचे गठ्ठे आहेत ना, तिथे. तुमच्या मशीनपासून हाकेच्या अंतरावर."

"मशीन चालू असताना मला काय ऐकू येतंय?"

"मशीन बंद झाल्यावर रडलेले डोळे दिसतात."

"हे बघ," थोरल्याने हात वर केला. तो दुकानाचा कटिंग मास्टर. कापडावर कात्री चालवावी तसा माणसांच्या बोलण्यावर चालवायचा. "राईचा पर्वत करू नकोस. मुलं आहेत. आम्ही दोघं भाऊ काय कमी मारामाऱ्या केल्या? विचार ह्याला. काय रे?"

धाकटा ओशाळं हसला. हसला आणि त्याला स्वतःचीच किळस आली, पण ते हसू इतक्या वर्षांच्या सवयीचं होतं की आपोआप यायचं.

"मारामारी दोघं करतात, भाऊजी," धाकटी म्हणाली. "तुम्ही मारायचात, हे खायचे. अजूनही तुम्ही समोर आलात की ह्यांचा आवाज घशात जातो. तसली मुलगी मला नको. मी हिला उचलून दवाखान्यात नर्सना मिळते त्या खोलीत नेईन, एकाच बिछान्यावर दोघी झोपू. पण शाळा सुटल्यावर ही या दुकानात पाऊल ठेवणार नाही."

"घर मोडायला निघालीस की काय?" आजी घाबरली.

"घर कोणी मोडलंय ते आधी ठरू दे."

आता सगळे आजोबांकडे बघायला लागले. म्हातारे इतका वेळ बरणीला हात लावून बसले होते. खरं सांगायचं तर त्यांना राग आला होता, आणि तो मारणाऱ्याचा कमी, प्रार्थना तोडणाऱ्या सुनेचा जास्त. उभ्या आयुष्यात एक गोष्ट मनासारखी जमून आली होती. सकाळी पाळकांनी हात हातात घेऊन म्हटलं होतं, मुलांना विश्वास असा जगायला शिकवणारा माणूस मी पाहिला नाही. त्या वाक्याची ऊब अजून अंगात होती, आणि ही बाई त्यावर पाणी ओतत होती. ते नातीकडे वळले. आवाज मऊ केला, संडे स्कूलमध्ये करायचे तसा.

"बाळ टाचणी, दादानं चूक केली. पण तू तर त्याला माफ केलंस ना? प्रत्येक वेळी? मग झालं. ज्याला माफ केलं त्याचं परत काढायचं नसतं. मोठ्यांनी तुझ्याकडून शिकायला हवं."

"अगदी बरोबर!" थोरल्याने टेबलावर थाप मारली. "ए, उठ. तिला सॉरी म्हण. म्हण लवकर, कोंबडी गार होतेय."

दादा उठला नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "सॉरी."

"झालं! संपलं!" थोरल्याने स्वतःच्या शर्टाच्या खिशात चाचपलं. त्याच्या खिशात नेहमी एखादं सुटं बटण असायचंच. ते काढून त्याने चादरीवरून टाचणीकडे सरकवलं. "घे गं, टाक बरणीत. शेवटचं. मिटवून टाक विषय."

बटण टाचणीच्या ताटाला लागून थांबलं. पांढरं, चार भोकांचं, शर्टाचं.

धाकटीला पुढे होऊन ते भिरकावून द्यायचं होतं, पण तिने पाहिलं की पोरीचा हात आपणहून बटणाकडे चाललाय. सवयीने. शाळेत बाईंनी नाव घेतलं की उभं राहावं तसा. आणि त्या हाताकडे बघून या बाईला, जिची ऑपरेशनच्या टेबलाशी कधी पापणी लवली नव्हती, रडू फुटलं.

"टाकू नकोस," ती एवढंच म्हणाली.

"टाकेल ती!" आता दादा ओरडला. त्याचा आवाज मध्येच फाटला, पण तो थांबला नाही. "टाकेल, तिला काय! तिलाच सगळं मिळतं! दर रविवारी त्या बरण्या काढायच्या, तिची वर धरायची, माझी हलवून दाखवायची. खुळखुळा म्हणता तुम्ही माझ्या बरणीला, आजोबा! सगळे हसतात! मला कोणी त्रासच देत नाही तर मी माफ कोणाला करू? तिची बरणी मी भरली! मी! मी नसतो तर तिला चर्चमध्ये कोणी उभं केलं असतं?"

थोरला उठला. खुर्ची मागे पडली. त्याचा हात खांद्याच्या वर गेला होता आणि पोराने डोकं दोन्ही हातांत आधीच लपवलं होतं. आधीच. हात यायच्या आधी कुठे वळायचं आणि काय झाकायचं, हे त्या पोराला पाठ होतं. ते सगळ्यांनी पाहिलं.

हात खाली आला नाही. धाकट्याने तो धरला होता.

"सोड," थोरला म्हणाला.

"नाही."

"सोड म्हणतो ना!"

"नाही सोडत." धाकट्याचा आवाज कापत होता, पण पकड नव्हती कापत. "गजपट्टीने मारायचास मला. याच टेबलाखाली मी लपायचो. तू आत्ता मला हसून विचारलंस आणि मी हसलो. माझी पोर बघत होती, आणि मी हसलो! थू माझ्या जिनगानीवर. हात खाली घे."

"लेकाला शिस्त लावू की नको मी?"

"लावलीत तेवढी पुरे झाली," थोरली म्हणाली. इतका वेळ नवऱ्याच्या बाजूने ताठ बसलेली ती बाई खुर्ची ओढून मुलाच्या आणि त्याच्या मध्ये आली. "त्याने हे कुठून उचललं, ते कधी विचारलंत? टेप कसा फिरवायचा ते त्याला कोणी दाखवलं? माझ्या पोराने चूक केली, मोठी केली. मी पाठीशी घालणार नाही. आत्ता घातलं, तेही चुकलं माझं. पण तुम्ही हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच."

थोरल्याने बापाकडे पाहिलं. आता म्हातारा आपल्याला सावरेल, अशी त्याची खात्री होती. म्हातारा त्याच्याकडे बघतच नव्हता. आजीच त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेखाली त्याने हात खाली घेतला, पडलेली खुर्ची उचलली आणि बसला.

"तुम्ही बटणं मोजलीत," आजी नवऱ्याला म्हणाली. "सदऱ्याला काजं किती ते बघता, गळा बरोबर बसला का बघता. गिऱ्हाइकाला हात वर करायला लावता, कुठे काचतंय का विचारता. पोरीला एकदा विचारलंत, कुठे काचतंय का?"

माफीचा धडा आजोबांनी इतक्या मुलांना शिकवला होता, की त्यातलं प्रत्येक वाक्य झोपेतही आलं असतं. आता त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. ते बरणीकडे बघत होते. सकाळी तीच बरणी किती सुंदर दिसली होती. त्यात कोटाची तपकिरी बटणं होती, शाळेच्या सदऱ्याची होती, आणि एक लहानसं, बदकाच्या आकाराचं, पोरीच्या बाळपणीच्या झबल्याचं होतं. ते तिने कुठून शोधून आणलं असेल? किती लागलं असेल त्या दिवशी?

"टाचणी," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज संडे स्कूलचा नव्हता, "माफ केलंस म्हणजे काय केलंस तू? मनात काय यायचं तुझ्या?"

टाचणीने आईकडे पाहिलं. आईने डोळे पुसत मान हलवली.

"काही नाही," ती म्हणाली. "मी कधी माफ केलंच नाही."

"मग ही बटणं?"

"टाकलं की तुम्ही सगळे खूश व्हायचात. म्हणून टाकायचे. मी एकदाही माफ केलं नाही, आजोबा. मी खोटं खोटं टाकलं. प्रभूला माहितेय ते. सकाळी तुम्ही मला पुढे उभं केलंत, तेव्हा मला वाटलं, आता तो मला सगळ्यांसमोर शिक्षा करणार."

बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. आजोबांनी ताटाजवळचं पांढरं बटण उचललं आणि स्वतःच्या खिशात टाकलं.

"शिक्षा तुला नाही. तू खोटं नाही बोललीस. मी तुला खोटं बोलायला लावलं. राग येतो तुला?"

"हो."

"आत्ता?"

"हो!"

"मग बोल. दादाकडे बघून बोल. प्रभू रागावलेली लेकरं हाकलून देत नाही. मी शिकवायला हवं होतं ते हे. बोल."

टाचणी उभी राहिली. खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत, उभी राहिली तरी टेबलाच्या वर थोडीच दिसायची. पण आवाज आला तो कुठून आला कोण जाणे. खिडकीची काच थरथरली असं आजी पुढे कित्येक दिवस सांगत होती.

"मला दुखतं! मला खूप दुखतं! तू घाणेरडा आहेस! मी तुझ्यासाठी दर रात्री प्रार्थना करायचे, की दादाचा हात मोडू दे! परत मला हात लावलास तर मी ओरडणार! दुकानात, रस्त्यात, चर्चमध्ये, सगळीकडे ओरडणार! मी नाही माफ केलं! नाही केलं! नाही केलं!"

ती धापा टाकत थांबली. दादाने डोक्यावरचे हात काढले होते. त्याचे कान आता लाल नव्हते. तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि तो रडत होता, मुलगे रडतात तसा, आवाज न करता, नाक पुसत.

"आमेन," आजोबा म्हणाले.

मघापासून ती प्रार्थना अर्धवट लटकली होती, ती अशी संपली. एकालाही हसू आलं नाही.

मग म्हातारे उठले. बरणी उलटी केली. बटणं चादरीवर घरंगळली, काही भाजीत पडली, आणि आजी, जिने एरवी आकांत केला असता, ती बोटांनी वेचून काढू लागली. त्यांनी कोटाची तपकिरी बटणं शोधून वेगळी केली, बदकाचं बटण धाकटीच्या हातात दिलं आणि दादासमोर कोट, सुई आणि दोरा ठेवला.

"लाव."

"पुढच्या रविवारी चर्चमध्ये काय सांगणार आहात?" धाकटीने विचारलं. तिचा राग गेला नव्हता, आणि जायचं काही कारणही नव्हतं. "सगळ्या घरांतून बरण्या निघतील आता."

"उभा राहून सांगेन, की मी चुकलो. बरण्या नकोत. आधी कोण मारतंय ते सांगा, म्हणेन. माफीचं मागनं."

"सांगाच. मी पहिल्या बाकावर बसणार आहे. आणि टाचणी दुकानात येणार की नाही, ते ती ठरवेल. तुम्ही नाही, मी नाही."

आजोबांनी मान डोलावली. थोरला तेवढ्यात काहीतरी पुटपुटला, पण धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो भाताशी खेळत बसला. थोरलीने वाढायला घेतलं. आधी टाचणीला वाढलं, मग धाकटीला. धाकटीने नको म्हटलं नाही आणि आभारही मानले नाहीत.

दादा सुई ओवत होता. डोळ्यांत पाणी, त्यामुळे दोरा भोकात जाईना. कोणी मदत केली नाही. शेवटी गेला. त्याने पहिलं बटण लावलं, गाठ मारली, दोरा तोडला आणि कोट टेबलावरून पुढे सरकवला.

टाचणीने तो ओढून घेतला. आजोबा गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं तपासायचे तसं बटण चिमटीत धरलं आणि जोरात हिसका दिला. बटण लोंबलं.

"ढिलं आहे," ती म्हणाली. "परत लाव."

दादाने आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे. त्याने कोट जवळ ओढला, कात्री घेतली आणि टाके उसवायला लागला.